टाळे कोणाच्या दाराला?

वाचकहो, अमेरिकेच्या संघराज्य सरकारचा कारभार १ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद पडला आणि १२ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे ४३ दिवस, बंदच राहिला. तोपर्यंतच्या इतिहासातील ही सर्वांत दीर्घ बंदी होती. देशावर परचक्र आले नव्हते, बंड उद्भवले नव्हते, खजिना रिता झाला नव्हता. खजिन्यात पैसा होता. तो खर्च करण्याची परवानगी मात्र नव्हती, कारण परवानगी द्यावयाची त्या कायदेमंडळात दोन पक्षांचे एकमत झाले नाही. एवढ्या कारणाने जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्राने आपल्या कचेऱ्यांना आपल्याच हाताने टाळे ठोकले आणि सुमारे १४ लाख मुलकी नोकरांचे पगार थांबविले.

मुंबईच्या गिरण्यांत ज्यांच्या वाडवडिलांनी घाम गाळला, त्यांना टाळेबंदी हा शब्द समजावून सांगावयास नको. मालक गिरणीला टाळे लावतो ते कामगाराने नमावे म्हणून. ते अन्यायाचे असेल, पण त्यात भांडण कोणाचे व मार कोणाला हे तरी एकास एक जुळते. अमेरिकेतील ही सरकारी टाळेबंदी त्याहून विचित्र आहे. भांडण राज्यकर्त्यांचे आपसांत. मार मात्र ज्याचे त्या भांडणात काहीच नाही अशा कारकुनाला, पहारेकऱ्याला, झाडूवाल्याला आणि सरकारी शिध्यावर पोट भरणाऱ्या आईला. म्हणून टाळे कोणी लावले एवढेच न विचारता, ते कोणाच्या दाराला लागले हेही विचारले पाहिजे.

हा प्रकार घडतो कसा, ते प्रथम पाहू. कायद्याने मंजुरी दिल्याखेरीज खजिन्यातून एक पैही काढता येणार नाही, असे अमेरिकेची घटना सांगते. हे तत्त्व उत्तम आहे; राजाच्या हातून थैली काढून ती लोकप्रतिनिधींच्या हाती देण्यासाठी युरोपात शतकानुशतके झगडा झाला. याच तत्त्वाच्या रक्षणासाठी १८८४ साली तेथे आणखी एक कायदा झाला व मंजुरीवाचून सरकारी खर्च करण्यास त्याने बंदी केली. तरीही पुढे जवळजवळ शंभर वर्षे मंजुरीस थोडा उशीर झाला म्हणून कोणी कचेरी बंद केली नाही; मंजुरी येणारच या भरवशावर काम चालू राही. १९८० साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी असा अभिप्राय दिला, की कायद्याचा अर्थ शब्दशः लावला तर मंजुरी संपताच काम थांबविलेच पाहिजे. पुढल्या वर्षी मनुष्याचा जीव व मालमत्ता यांच्या रक्षणाची कामे तेवढी त्यातून वगळण्यात आली. त्या दिवसापासून एक हिशेबाचा नियम राजकारणातील शस्त्र बनला.

तेथे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. मंजुरीचा कायदा होण्यास प्रतिनिधिगृहाचे बहुमत हवे, सेनेटच्या शंभरांपैकी व्यवहारतः साठ सभासद हवेत, आणि राष्ट्राध्यक्षाची सही हवी. या तिन्ही ठिकाणी एकाच पक्षाची पकड क्वचितच असते. तीन किल्ल्यांचे कुलूप आहे. एक किल्ली अडली की दार उघडत नाही. अशा स्थितीत जो अधिक वेळ हटून बसेल तो जिंकेल, असा समज रूढ झाला. १९९५-९६ च्या हिवाळ्यात राष्ट्राध्यक्ष क्लिंटन व प्रतिनिधिगृहाचे सभापती गिंग्रिच यांच्या झगड्यात आधी पाच व नंतर एकवीस दिवस कारभार थांबला. २०१३ साली ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा मोडण्यासाठी रिपब्लिकन पक्षाने तो सोळा दिवस थांबविला. जानेवारी २०१८ मध्ये डेमॉक्रॅटिक पक्षाने तो तीन दिवस अडविला. त्याच वर्षीच्या २२ डिसेंबरपासून ३५ दिवस तो बंद राहिला, कारण मेक्सिकोच्या सरहद्दीवर भिंत बांधण्यासाठी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना ५७० कोटी डॉलर हवे होते. २०२५ साली आरोग्यविम्यावरील वाढीव सवलत पुढे चालू ठेवा म्हणून डेमॉक्रॅटिक पक्ष अडून बसला. तेव्हा या पापाचा वाटा एकाच पक्षाच्या पदरात टाकता येणार नाही. ज्याच्या हाती किल्ली आली त्याने ती अडवून पाहिली आहे.

आणि या हट्टाने मिळाले काय? २०१९ मध्ये ३५ दिवसांनंतर भिंतीसाठी कायदेमंडळाने १३७ कोटी ५० लाख डॉलर दिले. मागणीच्या चौथ्या हिश्शाएवढेही नव्हे. कायदेमंडळाच्याच अंदाजपत्रक कचेरीने हिशेब केला तेव्हा राष्ट्राच्या उत्पन्नात १,१०० कोटी डॉलरांची घट झाली व त्यांपैकी ३०० कोटी कधीच भरून निघणार नाहीत, असे दिसून आले. म्हणजे भिंतीसाठी जेवढे दिले त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम भांडणात बुडाली. २०२५ मध्येही ४३ दिवसांनंतर अडून बसलेल्या पक्षाला सेनेटमध्ये मतदान घेण्याचे आश्वासन तेवढे मिळाले. डिसेंबरात ते मतदान झाले, प्रस्ताव पडला, आणि वर्षअखेर ती सवलत संपली.

आता मार कोणाला बसला ते पाहू. टाळेबंदीत सरकारी नोकरांचे दोन वर्ग पडतात. एकाला बिनपगारी घरी बसविले जाते. दुसऱ्याचे काम 'अत्यावश्यक' ठरते, म्हणून त्याने कामावर यावयाचे, पूर्ण पाळी करावयाची, पण पगार मात्र मिळावयाचा नाही. विमानांना वाट दाखविणारे, प्रवाशांची झडती घेणारे, तुरुंगांचे पहारेकरी हे सारे या दुसऱ्या वर्गातले. यांना संप करण्याचा हक्क नाही. १९८१ साली विमानवाहतूक नियंत्रकांनी संप केला तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ११,००० हून अधिक नियंत्रकांना बडतर्फ केले. नोकराने काम थांबविले तर तो गुन्हा आणि सरकारने पगार थांबविला तर ती राजनीती, हा न्याय कोठला?

पगाराशिवाय सक्तीने करावयाच्या कामाला आमच्या भाषेत वेठ म्हणतात. महार वतनाच्या नावाखाली रात्री-अपरात्री हाक येताच धावणे आणि मोबदल्यास मोताद राहणे म्हणजे काय, हे आमच्या घरांतील वृद्धांनी भोगले आहे. त्या वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल आणले, आणि स्वतंत्र भारताच्या घटनेने २३ व्या कलमात वेठ हा गुन्हा ठरविला. अमेरिकेतील नोकराची स्थिती सर्वस्वी तशी आहे असे आम्ही म्हणत नाही. थकलेला पगार त्याला मागाहून मिळतो. २०१९ च्या कायद्याने तशी हमीही दिली आहे. परंतु घरमालक भाड्यासाठी थांबत नाही आणि लेकराचे दूध उद्याच्या हमीवर येत नाही. शिवाय ही हमीदेखील सरकारच्या पटावर असलेल्यालाच आहे. सरकारी इमारतीत झाडलोट करणारा, उपाहारगृहात भांडी घासणारा, दाराशी पहारा देणारा पुष्कळदा कंत्राटदाराचा मनुष्य असतो. २०१९ मध्ये अशांना बुडालेल्या दिवसांचा एक डॉलरही मिळाला नाही. जो सर्वांत खाली, त्याचे नुकसान सर्वांत पक्के.

उलट, ज्यांनी हे टाळे लावले त्या कायदेमंडळाच्या सभासदांचे वेतन या काळात चालूच राहते. त्यांचे वेतन घटनेनेच लावून दिलेले आहे व ते वार्षिक मंजुरीवर अवलंबून नाही. सभासदाचा पगार संरक्षित आणि शिपायाचा पणाला, अशी ही वाटणी आहे.

येथे आमच्या वाचकांना विशेष जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगावयाची आहे. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला गेले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या राजवटीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांतून काळ्या कारकुनांना गोऱ्यांपासून वेगळे बसविण्यास प्रारंभ झाला. पुढे १९४१ साली रूझवेल्ट यांचा व १९४८ साली ट्रूमन यांचा हुकूम निघाला आणि सरकारी नोकरीचे दार निग्रोंना हळूहळू खुले झाले. खाजगी मालक कातडीचा रंग पाहून नाकारीत असताना टपाल कचेरीतील किंवा खात्यातील जागा हाच त्या समाजाच्या हजारो कुटुंबांना वर येण्याचा जिना ठरला. आजही अमेरिकेच्या संघराज्य नोकरवर्गात त्या समाजाचे प्रमाण शेकडा १८ च्या आसपास आहे. लोकसंख्येतील प्रमाणाहून ते अधिक आहे. सरकारी नोकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंधारात लागलेला पहिला दिवा, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. मग त्या नोकरीला टाळे लागते तेव्हा अंधार प्रथम कोणाच्या घरात शिरतो, हे का सांगावयास हवे?

आणि केवळ नोकरांचीच कथा नाही. अमेरिकेत 'स्नॅप' या नावाची सरकारी अन्नसाहाय्याची योजना आहे. सुमारे ४ कोटी २० लाख माणसे, म्हणजे आठांतील एक मनुष्य, तिच्या आधाराने जेवतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये हे साहाय्य अडले. राज्ये व संस्था न्यायालयांत गेल्या. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. आणि तोवर आई रिकामे कार्ड हातात धरून दुकानाच्या दारात उभी राहिली. धनिकाचे विमान उशिरा सुटले याचा बोभाटा झाला, कारण नियंत्रकांच्या तुटवड्यामुळे ४० मोठ्या विमानतळांवरील उड्डाणे कमी करावी लागली होती. २०१९ मध्येही न्यूयॉर्कच्या विमानतळावर नियंत्रक कमी पडून विमाने खोळंबली, त्याच दिवशी तडजोड झाली. पस्तीस दिवस गरिबाची चूल विझली तेव्हा जे सुचले नाही, ते विमाने अडताच एका दिवसात सुचले.

आता या भांडणाचे दुसरे मूळ जे परदेशी माणसांचे आगमन, त्याकडे वळू. आपल्या देशात कोणी यावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे, हे आम्हांस मान्य आहे. प्रश्न तो अधिकार कसा वापरला जातो हा आहे. जानेवारी २०१८ ची टाळेबंदी ज्यांच्यावरून झाली ते सुमारे सात लाख तरुण लहानपणी आईबापांच्या बोटाला धरून अमेरिकेत आलेले. त्यांना देशाबाहेर घालवू नये अशी सोय २०१२ साली ओबामांनी केली होती. ती २०१७ मध्ये ट्रम्प यांनी रद्द करण्याचे जाहीर केले. तीन दिवसांनी टाळे उघडले, चर्चेचे वचन मिळाले, फेब्रुवारीत सेनेटपुढे प्रस्ताव आले आणि सारे पडले. या तरुणांना मताचा अधिकार नाही. ज्याला मत नाही त्याच्या नशिबाचा सौदा दुसरे करतात, आणि सौदा फिसकटला तरी मत गमावण्याची भीती कोणालाच नसते.

याहून मोठी विसंगती २०१८-१९ मध्ये दिसली. परदेशी लोकांवर कडक अंमल हवा म्हणून सरकार बंद केले, आणि सरकार बंद झाल्यामुळे त्यांचे खटले चालविणारी न्यायालयेच ओस पडली. कैदेत नसलेल्यांच्या हजारो सुनावण्या रद्द झाल्या. त्या वेळी आठ लाखांहून अधिक खटले आधीच तुंबले होते. नोकरीस ठेवावयाच्या माणसाला काम करण्याचा कायदेशीर हक्क आहे की नाही हे पडताळणारी 'ई-व्हेरिफाय' ही सरकारी सोयदेखील बंद पडली. कायद्याच्या अंमलासाठी कायद्याचा अंमलच थांबविला! महाराष्ट्रातून तेथे जाऊ पाहणाऱ्या संगणक अभियंत्यांनाही ही झळ लागली आहे. त्यांच्या व्हिसासाठी मालकाने प्रथम तेथील मजूर खात्याचा दाखला मिळवावा लागतो; २०१३ व २०२५ च्या बंदीत ते काम थांबले होते.

या वादाच्या तळाशी पैसा नाही, जन्म आहे, असे आमचे मत आहे. १९२३ साली भगतसिंग थिंड या शीख गृहस्थाच्या नागरिकत्वाचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. परंतु त्यांच्या बाजूने युक्तिवाद कोणता झाला? आपण उच्च जातीचे हिंदू, आर्य रक्ताचे, जातिबंधनामुळे ते रक्त शुद्ध राहिले; म्हणून आपणांस गोरे समजावे! न्यायालयाने तो दावा फेटाळला. माणुसकीच्या हक्काने जे मागावयाचे ते जातीच्या अभिमानाने मागितले, आणि वर्णाच्या अभिमानाने त्याला दार बंद केले. पुढे १९४६ साली भारतीयांना वर्षाला अवघ्या शंभर जागा मिळाल्या, आणि खरे दार उघडले ते राष्ट्रवार कोटा मोडणाऱ्या १९६५ च्या कायद्याने. माणसाची किंमत त्याच्या जन्मस्थानावरून ठरवावयाची की त्याच्या माणूसपणावरून, हा प्रश्न आमच्या गावकुसाला जसा लागू होता तसाच तो त्या सरहद्दीलाही लागू आहे.

कोणी असे म्हणेल, की अल्पमतातील पक्षाला दुसरे शस्त्र कोठे आहे? बहुमताने वाटेल ते करावे व विरोधकाने पाहत बसावे काय? आक्षेप खरा आहे. जुलै २०२५ मध्ये उपराष्ट्राध्यक्षाच्या एका निर्णायक मताने सेनेटमध्ये एक प्रचंड कायदा मंजूर झाला. त्यात सरहद्दीच्या भिंतीसाठी ४,६५० कोटी व परदेशी लोकांना स्थानबद्ध करण्यासाठी ४,५०० कोटी डॉलर होते. त्या कायद्याला साठ मतांची अट लागू नव्हती. म्हणजे एकदा ५७० कोटींसाठी सारे सरकार थांबते आणि एकदा एका मताने त्याच्या आठपट पैसा निघतो! परंतु ज्या शस्त्राचा घाव शत्रूवर न पडता वाटसरूवर पडतो, ते कितीही हाताशी असले तरी न्यायाचे शस्त्र होत नाही.

मग दोष कोठे आहे? घटना परिषदेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हाच प्रश्न उकलून दाखविला होता. लोकशाहीत कार्यकारी सत्ता स्थिरही असावी व जबाबदारही असावी. दोन्ही गुण सारख्याच प्रमाणात देणारी पद्धती अद्याप सापडलेली नाही. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक, जबाबदारी कमी. इंग्रजी पद्धतीत जबाबदारी अधिक, स्थैर्य कमी. भारताने जबाबदारीला अधिक मान दिला, कारण तीत सरकारची झडती केवळ निवडणुकीच्या दिवशी होत नाही. प्रश्न, ठराव, चर्चा व अविश्वास यांच्या द्वारे ती रोज होते. अमेरिकेतील राष्ट्राध्यक्षाला अंदाजपत्रक नामंजूर झाले म्हणून जावे लागत नाही, आणि कायदेमंडळालाही लोकांपुढे जावे लागत नाही. दोघेही आपापल्या आसनावर स्थिर; म्हणून जनता अस्थिर.

आमच्या घटनेतही कायद्यावाचून संचित निधीतून पैसा काढता येत नाही. ११४ व्या कलमाचा नियम तोच आहे. कुलूप तेच, किल्ली वेगळी. येथे लोकसभेने पैसा नाकारला तर कचेरी बंद होत नाही, मंत्रिमंडळ घरी जाते; आणि मधल्या काळासाठी ११६ व्या कलमाने लेखानुदानाची सोय ठेवली आहे. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडले. पक्षांचे वैर पराकोटीला गेले होते. तरी लोकसभा विसर्जित होण्यापूर्वी सर्वांनी अंदाजपत्रक मंजूर करून दिले. सरकार पडले, पण शिपायाचा पगार पडला नाही.

परंतु वाचकहो, यावरून आपली पाठ आपणच थोपटून घेण्याची घाई करू नये. १४ मार्च २०१८ रोजी आणि पुन्हा २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने साऱ्या देशाचे अंदाजपत्रक गोंधळात, चर्चेवाचून, मिनिटांच्या हिशेबात मंजूर केले. अमेरिकेत थैली उघडत नाही म्हणून गरीब मरतो. आमच्याकडे थैलीत त्याच्यासाठी काय आहे हे न विचारताच ती उघडली जाते. शिष्यवृत्तीचा पैसा किती ठेवला, किती खर्च झाला, किती परत गेला, हे विचारण्याची जागा तीच सभा होय. तेथे आवाज बंद झाला तर तीही एक टाळेबंदीच. फरक इतकाच, की तिचे टाळे डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून आमचे सांगणे दोन गोष्टींपुरते आहे. मजुरी, शिधा व न्याय या तीन वस्तू कोणत्याही पक्षाने कोणत्याही वादात पणाला लावू नयेत. त्यांचा पुरवठा चालू ठेवून मग वाटेल तेवढे भांडावे. आणि पैशाचा हिशेब लोकसभेत उघडपणे, सावकाश व तोंडावर विचारला जावा. आपल्या मतदारसंघातील खासदार पुढल्या वेळी आपल्या दारी येईल तेव्हा त्याला एवढेच विचारा: अंदाजपत्रकाच्या दिवशी आपण सभागृहात कोणत्या मागणीवर बोललात? तो गप्प राहिला, तर टाळे कोणाच्या दाराला लागले आहे, ते समजून घ्या.